सरासरीबाहेरचा पाऊस

शरयू, आपलं भांडण मिटलं नव्हतं.

तुझ्या शोकसभेत जो तो तुझ्या शांतपणाबद्दल बोलत होता. तुझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, बाईंचा आवाज वर्गात कधी चढला नाही. मी मागच्या रांगेत बसून पदराचं टोक पिळत होते. वर्गात नसेल चढला. फोनवर माझ्याशी बोलताना तो असा चढायचा की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा. तुझ्या नवऱ्याने, अविनाशरावांनी, मला बोलायला खूण केली, तेव्हा मी नुसती मान हलवली. काय बोलणार होते? त्या पांढऱ्या चादरीवर बसलेल्या लोकांना सांगणार होते का, की ही बाई हट्टी होती, आणि हिचा हट्ट बरोबर होता की चूक ते मला अजून ठरवता येत नाही?

ते तुलाच सांगायला हवं. म्हणून हे लिहिते आहे.

आपण पहिल्यांदा भेटलो त्या शिक्षक प्रशिक्षणात, पालघरला. तू साताऱ्याकडची. नवऱ्याला तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली म्हणून इकडे आलेली, चिंचणीला घर केलेलं, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. मी सातपाटीची, प्राथमिक शाळेतली बाई. मधल्या सुट्टीत मी सुक्या जवळ्याची चटणी उघडली आणि तू डब्यासकट दुसऱ्या बाकावर गेलीस. मला राग आला होता. पण दोनच महिन्यांत तू आमच्या घरी आलीस आणि चहाचा कप हातात घेऊन माझ्या आईला विचारलंस, "मावशी, या दिवसांत वारा कुठून येतो हो तुमच्याकडे?" आई तासभर बोलत राहिली. तू गेल्यावर म्हणाली, "ही बाय वासाला नाक मुरडते, पन वाऱ्याचं इचारते. पोरगी बरी हाय."

तुझ्या अंगणातलं ते हवामान केंद्र मी पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, तिला खिडकीसारख्या झडपा, आत तापमापक. थोड्या अंतरावर पाऊस मोजायचं नळकांडं. पोरांना दाखवायला म्हणून तू ते सुरू केलंस. ती पोरं पास होऊन गेली, त्यांची पोरं तुझ्या वर्गात येऊन बसली, तरी तुझी सकाळची नोंद चालूच. अविनाशराव म्हणायचे, "आम्ही दोघं मिळून कधी काशीला जाणार नाही. एकाला पेटीपाशी थांबावंच लागतं." ते हसत म्हणायचे, पण ते खरं होतं. तुझ्या भाचीच्या लग्नाला तू एकटी गेलीस आणि ते घरी थांबले.

इतकी वर्षं एका जागी उभं राहून रोज तेच मोजत राहिल्याने काय कळतं, हे मला तू हळूहळू शिकवलंस. थंडीच्या रात्री आता पूर्वीइतक्या गार होत नाहीत, हे तू मला कागदावरची चढती रेघ दाखवून सांगितलंस, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात म्हणालीस, "पण थांब. माझ्या चारही बाजूंना आता बंगले झालेत. सिमेंट रात्रभर गरम राहतं. यातलं किती हवेचं आणि किती बंगल्यांचं, ते वेगळं काढल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही." पाऊस पूर्वी पसरून पडायचा, आता चार-दोन दिवसांत कोसळून मोकळा होतो, हेही तुझ्या नोंदीत दिसत होतं. पण तुझ्या तोंडून 'नक्की' हा शब्द निघाला की मी दचकायचे, इतका तो दुर्मिळ होता.

बोईसर स्टेशनबाहेरचे रिक्षावालेसुद्धा तुला विचारायचे, "मॅडम, आज बारिश होगी क्या?" आणि तू त्यांना सांगायचीस, "कल कितनी हुई, वो बता सकती हूँ." ते हसायचे. तू हसायची नाहीस.

म्हणूनच त्या मार्गशीर्षात जे झालं ते मला इतकं लागलं.

दिवाळी होऊन गेली होती. बोटी भरभरून आल्या होत्या आणि सातपाटीचा सगळा किनारा सुकत घातलेल्या बोंबलांनी भरला होता. वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या उंच मांडवांवर, दोऱ्या, दोरीवर जबड्यात जबडा अडकवून लटकवलेल्या जोड्या, वाऱ्यावर हलताहेत. हे तीन-चार दिवस कोरडे मिळाले की बायकांचं वर्ष सुटतं. आणि नेमकं आभाळ भरून आलं. टीव्हीवर तुरळक ठिकाणी हलका पाऊस सांगत होते. माझी वहिनी रंजना, जिच्या शब्दावर आमच्या आळीतल्या बायका बोंबील टाकतात नि उचलतात, ती म्हणाली, "तुरळक तुरळक तर ते रोजच बोलतात. कुंदा, तुझ्या त्या चिंचणीच्या बायला इचार."

मी फोन केला. तू विचार करून बोललीस. माझ्या अजून कानात आहे. "कुंदा, इतक्या वर्षांत या आठवड्यात माझ्याकडे पाऊस जवळजवळ नाहीच. ढग येतात आणि जातात. मला तरी नाही वाटत."

मी ते तसंच सांगितलं. बायकांनी बोंबील तसाच ठेवला.

पाऊस पहाटे लागला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. रिपरिप नाही, आषाढासारखा. बायका धावल्या, ताडपत्र्या ओढल्या, पण किनाराभर पसरलेल्या मालावर किती ताडपत्र्या पुरणार? अर्धवट सुकलेला बोंबील एकदा भिजला की संपतो. तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या होत्या. पाट्या भरभरून तो खतासाठी ओढून नेला, आणि तो वास आठवडाभर आमच्या केसांतून गेला नाही. गल्लीतून जाताना बायका माझ्याकडे बघायच्या आणि बोलणं थांबवायच्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "बाईंनी इज्ञान शिकवलं आमाला."

तू आलीस. न बोलावता आलीस, हे मी विसरणार नाही. दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बसली असती. रिकाम्या वलांडीखाली वहिनी दोऱ्या सोडवत होती. तिने तुला बस म्हटलं नाही.

"बाय," ती म्हणाली, "तुमी इतकी वर्सं मोजलं. त्या वर्सांचा आमाला काय उपेग झाला?"

तू म्हणालीस, "नोंद चुकीची नव्हती, वहिनी. मी चुकले. जे मागे झालं तेच पुढे होईल असं धरून मी बोलले. तसं धरण्यासारखे दिवस आता राहिलेले नाहीत. हे माझ्याच आकड्यांत दिसत होतं, आणि तरी मी बोलले."

वहिनी दोऱ्याच सोडवत राहिली. मीच भडकले. "नोंद बरोबर आणि माल कुजलेला! त्या बरोबर नोंदीचं आम्ही लोणचं घालायचं का?" समुद्राच्या वाऱ्यात मला ओरडावं लागत होतं आणि मला ओरडायचंच होतं. तू शांतपणे उभी होतीस. तुझ्या चपला त्या काळ्या, चिकट रेतीत रुतल्या होत्या. मग तू असं काही म्हणालीस की मला तुझ्या अंगावर धावून जावंसं वाटलं. म्हणालीस, "कुंदा, परवा इथे किती पाऊस पडला, हे कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे पडला तो चिंचणीचा. इथलं मोजमापच नाही. इथे एक पर्जन्यमापक हवा."

बायकांची कंबर मोडली होती आणि तू नळकांड्याची गोष्ट करत होतीस!

तरी तू ते आणलंसच. पुढच्या पावसाळ्याआधी रिक्षात मांडीवर घेऊन आलीस. मी ते शाळेच्या कपाटावर ठेवून दिलं. तू फोनवर विचारायचीस, "बसवलं?" मी म्हणायचे, "मुलं हात लावतील." तू म्हणायचीस, "लावू दे. मोजायला लाव." मी विषय बदलायचे. माझं म्हणणं तुला माहीत होतं, मी ते लपवलं नव्हतं. तुझी चढती रेघ खरी की खोटी हे पक्कं ठरायला जितकी वर्षं लागतील, तितक्यात आमच्या किनाऱ्यावर वलांडी उभी करणारी बाई उरणार नाही. तुझं म्हणणं, मोजलं नाही तर काय गेलं ते सांगतासुद्धा येणार नाही, आणि सांगता आलं नाही की कुणी ऐकणारही नाही. आपण दोघी वर्षानुवर्षं हेच बोलत राहिलो. कधी तुझ्या ओट्यावर, कधी पालघरच्या बाजारात भाजी निवडताना. एकदा भाजीवालीच म्हणाली, "ताई, आधी मेथी घ्या, मंग भांडा."

मग गेल्या हिवाळ्यातली ती दुपार.

आभाळ निरभ्र. घाम फुटेल असं ऊन. बायकांनी सकाळीच ताजा बोंबील टाकला होता. मी शाळेतून येत होते आणि समोर रिक्षातून तू उतरलीस, साडीचा काठ वर खोचलेला, हातात फोन. "कुंदा, सकाळपासून हवेचा दाब सारखा उतरतोय. समुद्रात दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा आहे. वेधशाळेनेही आत्ताच इशारा बदललाय. हा माल आज उचलायला हवा."

मी वर बघितलं. ढगाचा ठिपका नव्हता.

तुलाही ठाऊक होतं की उचलणं फुकट नसतं. ओला बोंबील बंद जागेत घातला की वारा लागत नाही, वास धरतो, भाव जातो. म्हणजे तू खरी निघालीस तर माल वाचणार, खोटी निघालीस तर तुझ्यामुळे दुसऱ्यांदा जाणार. तुझ्या कपाळावर घाम होता आणि तो नुसता उन्हाचा नव्हता.

बायका गोळा झाल्या. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. "गेल्या खेपेला ठेवा बोलली, तवा गेला. आता उचला बोलते. आमी काय बाहुल्या हाव?"

तुला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. ठामपणे 'पाऊस येणारच' म्हणाली असतीस तर काहींनी तरी ऐकलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल ना, एकदा तरी नक्की म्हण. आणि तू म्हणालीस, "मला खात्री नाही. येईल असं वाटतं, पण इथेच येईल का ते सांगता येत नाही. माझा माल असता तर मी उचलला असता. एवढंच सांगू शकते."

बायकांत एकदम कालवा झाला. वहिनीने तुझ्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे बघितलं. "कुंदा, तू बोल. तू बोलशील तसं करू."

शरयू, त्या क्षणी मला तू नको झाली होतीस. माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर, तू तुझी शंका आणून माझ्या पदरात टाकलीस. पण तुझे हात मी बघितले. दर मिनिटाला तू फोन उघडून तोच दाबाचा आकडा पुन्हा तपासत होतीस. मागच्या वेळी फोनवर तू निवांत होतीस. जिला आपण चुकू शकतो हे ठाऊक आहे आणि तरी जी चिंचणीहून धावत आली, तिचं ऐकायचं, एवढंच मी ठरवलं.

मी म्हटलं, "उचला."

मग बायका कामाला लागल्या. समाजाच्या हॉलमध्ये खांबाखांबांना दोऱ्या ताणल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. तू पाट्या उचलत होतीस. नाक न मुरडता. बोंबलाच्या दातांनी तुझी बोटं ओरबाडली गेली होती, आणि तू ती साडीला पुसत पुढची पाटी घेत होतीस. काही बायकांनी उचललंच नाही. त्या लांब उभ्या राहून बघत होत्या.

संध्याकाळ झाली, पाऊस नाही. सकाळ उजाडली, पाऊस नाही, लख्ख ऊन. हॉलमध्ये वास धरू लागला होता. दोघीतिघींनी चिडून आपला माल परत बाहेर नेला. एक जाता जाता म्हणाली, "त्या बायला सांग, घरी जाऊन पोरांना शिकव." तू रात्रभर माझ्या घरी राहिली होतीस. चहा पुढे होता, घेतला नाहीस. दारात उभी राहून तू नैर्ऋत्येकडे बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे. वहिनी हॉलच्या दाराशी ठाण मांडून बसली होती, ना आत ना बाहेर. मी विचारलं, "काढू या का?" ती म्हणाली, "एकदा तुझा शबूद घेतला ना? आता दुपारपावतो गप बस."

दुपार कलली आणि वारा फिरला. समुद्राचा रंग शाईसारखा झाला. मग तो आला. मी आयुष्यात पावसाला कधी इतकी घाबरले नव्हते आणि कधी इतकी वाट पाहिली नव्हती.

ज्यांनी उचललाच नव्हता आणि ज्यांनी परत बाहेर नेला, त्यांचा गेला. बाकीच्यांचा वाचला, थोडा वास धरलेला, पण वाचला. मी तुला मिठी मारली. तू आनंदी नव्हतीस. तू त्यांच्या भिजलेल्या वलांड्यांकडे बघत होतीस. वहिनी आली, तुझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बरोबर निंगालीस. पन मागचा माल त्यानं परत येत नाय." तू मान हलवलीस. माझ्या मते तुम्हा दोघींत त्याहून जवळचं बोलणं कधी झालं नाही.

आणि इथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. आता बायकांना तू हवी होतीस. रोज सकाळी कुणीतरी माझ्या दाराशी, "चिंचणीची बाय काय बोलते?" पावसाळा सरत आला, नवा माल टाकायचे दिवस जवळ आले, तेव्हा मी तुला म्हटलं, रोज एक फोन कर, टाकायचा की नाही एवढं सांग. ऐकतील तुझं. तू साफ नाही म्हणालीस. "मी दोनदा सांगितलं. एकदा माती झाली, एकदा जमलं. याच्यावर गाव चालवायचं? अंदाज वेधशाळा देते, तो वाचून सांग. तुमच्याकडे काय पडतं, वारा कुठून येतो, ते तुम्ही मोजा. मी देवऋषी नाही, कुंदा."

मी म्हटलं, "आधी मोजून आमचा विश्वास मिळवलास, आता तो आला तर हात झटकतेस."

"विश्वास माझ्यावर नको आहे मला!" तू फोनवर ओरडलीस. "मी उद्या मेले तर काय कराल?"

मी रागाने फोन ठेवला. नवरात्रात तू गेलीस. सकाळी अंगणात चक्कर आली, बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. उद्या म्हणजे असा, पुढच्याच आठवड्यातला उद्या असतो, हे मला कुठे माहीत होतं? आणि मी ते वाक्य किती वेळा ऐकलं आहे आता, मनात. तुला त्यात काही सुचवायचं नव्हतं. तू नुसता मुद्दा मांडत होतीस. तुझी सवयच ती.

तेराव्यानंतर मी अविनाशरावांकडे गेले. ते अंगणात पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. तुझी नोंद आता ते घेतात. चष्मा दोनदा पुसून, पारा डोळ्यासमोर धरून. म्हणाले, "कुंदाताई, मधले काही दिवस राहून गेले. आदल्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाजे भरून टाकू का? इतक्या वर्षांत तिने खाडा पडू दिला नव्हता. माझ्यामुळे पडला." मला हो म्हणावंसं वाटत होतं. काय बिघडलं असतं? मग मला तुझा चढलेला आवाजच ऐकू आला. मी म्हटलं, "नको. जे मोजलं नाही ते रिकामं राहू दे. तिने तसंच ठेवलं असतं." चष्मा पुन्हा एकदा पुसून ते म्हणाले, "हो. माझ्याशी भांडली असती."

शरयू, तू मला पुष्कळ दिलंस. वारा नुसता वाहतो असं समजणाऱ्या मला तो कुठून येतो ते विचारायला शिकवलंस. माझ्या आईला, जिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, तू विचारलंस. याबद्दल आभार मानायचे राहिले. तुझ्या बोटांवरचे ते ओरखडे धुवायला मी तुला गरम पाणी दिलं होतं, तेव्हाच मानायला हवे होते. पण आपण तेव्हाही काहीतरी वादच घालत होतो.

काल मी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला. भिंतीपासून लांब, झाडापासून लांब, तू सांगितलं होतंस तसा. मुलांनी हात लावला. लावू दिला.

आज सकाळी आभाळ थोडं भुरकट होतं. किनाऱ्यावर नवा माल आलेला. वहिनी आली आणि तिने तोच प्रश्न विचारला, फक्त आता विचारायला चिंचणीची बाय नव्हती म्हणून मला. "कुंदा, येल का गो आज?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलले असते तर त्यांनी मानला असता. जिभेवर आलाही होता.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, वहिनी. वेधशाळा हलका पाऊस होऊ शकेल म्हणते. काल इथे थेंब पडला नाही. वारा सकाळपासून दक्षिणेचा आहे. एवढंच मला माहीत आहे."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता चिडेल. मग तिने वळून समुद्राकडे पाहिलं, ओलं बोट वाऱ्यात धरलं, आणि बायकांना हाक मारली, "अर्धा टाका. अर्धा हॉलमधी न्या." आणि कुणी काही विचारायच्या आत तिने स्वतः पहिली पाटी डोक्यावर घेतली.